पलटणीने दिलेले आणि सरकारने नाकारलेले

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दिशेने सत्याग्रहींची जी मिरवणूक नाशिकातून निघाली, तिच्या अग्रभागी लष्करी चाली वाजविणारा बँड होता आणि त्यामागून चार-चारांच्या रांगांनी मैलभर लांबीचा जनसमुदाय शांतपणे चालला होता. ज्यांना गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या अंगी ही कवायत कोठून आली, याचा माग काढू लागले की आपण थेट महार शिपायांच्या छावणीत जाऊन पोहोचतो.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत त्यांना रोख दरमहा मिळाला, मुलांना शाळा मिळाली, आणि पाटलाच्या मर्जीवर किंवा बलुत्याच्या भाकरीवर अवलंबून नसलेले पेन्शन मिळाले. याच पेन्शनरांपैकी गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली निवृत्त झाले, त्यांनी लेखणी हाती घेऊन अस्पृश्यतेवर प्रहार केला, आणि सरकारने महारांची भरती बंद करताच १८९४ साली तिच्याविरुद्ध सविस्तर अर्ज सिद्ध केला. सुभेदार रामजी सकपाळ हे तर लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या चिरंजीवांच्याच नेतृत्वाखाली नाशिकचा सत्याग्रह झाला.

म्हणूनच, रक्त सांडले म्हणून हक्क प्राप्त झाले, हे वारंवार ऐकू येणारे विधान मला मान्य नाही. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच वंशजांना सरकारने पुढे भरतीस अपात्र ठरविले. महायुद्धाची निकड भासताच १९१७ साली १११ महार पलटण उभारली आणि लढाई आटोपल्यावर मोडून टाकली. १९४१ साली दुसऱ्या युद्धाने पुन्हा गरज निर्माण केली तेव्हाच महार रेजिमेंट अस्तित्वात आली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिपाईही युद्धामागून युद्धे लढले, तरी सैन्यातील भेदभाव संपविण्याचा ट्रूमन यांचा हुकूम निघावयास १९४८ साल उजाडले. आणि नॉर्मंडीहून परतलेल्या मेडगर एव्हर्स यांना स्वतःच्या मिसिसिपीत मतदानापासून पिटाळले गेले. मनुष्य म्हणून जे आपलेच आहे, त्यासाठी प्राणांचे मोल मागणे हाच मुळी अन्याय होय. पलटणीने दिली ती अक्षरओळख, संघटनेची सवय आणि सरकारदरबारी ताठ मानेने अर्ज करण्याची हिंमत. पुढचे सारे त्या माणसांनी स्वतः मिळविले.

दिंडोरी, निफाड, सिन्नरकडील ज्या घरांतून पलटणीचे दाखले, पेन्शनची कागदपत्रे, पदके अद्याप शिल्लक असतील, ती वाळवीच्या हवाली होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून जतन करण्याचे काम १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने अंगावर घ्यावे, आणि जिल्हा परिषदेने त्यासाठी खर्चाची तरतूद करावी.