मशीनमधली भिल्लीण आणि खाटेवरची भिल्लीण

डॉक्टरांना माणुसकी शिकवायला आता मशीन आलंय. पडद्यावर आदिवासी बाई दुखणं सांगते, शिकाऊ डॉक्टर तिला प्रश्न विचारतो. चुकला तर मार्क कापतात. बाई पुन्हा पहिल्यासारखी. तिला राग येत नाही, ती उठून जात नाही, मरत नाही.

मागल्या साली कन्नडकडची एक भिल्लीण घेऊन मी या शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. आठवा महिना, अंगात ताप. ‘इतके दिवस झोपले होते का तुम्ही लोक?’ हा डॉक्टरचा पहिला प्रश्न. नाडी नंतर. बाई गप्प झाली, अन् दुखणं कागदावर आलंच नाही. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता निघून गेली. केसपेपरवर शेरा : ‘पळून गेली.’ कुणापासून पळाली, तो रकाना केसपेपरात नाही.

मशीन शिकतं लिहिलेल्यावरून. लिहिलं कुणी? १८७१ साली इंग्रजानं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्याच्या गॅझेटियरात भिल्ल म्हणजे लुटारू. हेच खाऊन मशीन भिल्लिणीच्या तोंडून बोलणार काय?

२०१९ साली डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती अन् संवादाचे धडे आले. त्याच साली २२ मे रोजी मुंबईच्या नायर हॉस्पिटलात डॉ. पायल तडवीनं जीव दिला. तडवी भिल्लांची पोर. तिघी वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचा गुन्हा दाखल झाला. डॉक्टर झालेली आदिवासी पोरगी जिथं सुरक्षित नाही, तिथं अंगठा लावणारी कशी असेल?

न्यूझीलंडातली माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन हिनं हा प्रश्न उलटा धरला. उपचार सुरक्षित होता का, हे रोगी ठरवणार, डॉक्टर-नर्स नव्हे. १९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं हे शिक्षणात घेतलं.

मी यंत्राचा वैरी नाही. दोष यंत्रात नसतो, समाजरचनेत असतो, हे बाबासाहेबांनी १९४५ सालीच मांडलं. म्हणून नागसेनवनातल्या पोरांनो, मागणी सरळ ठेवा. मशीनमधल्या बाईचे बोल भिल्लिणींकडून घ्या, मजुरी देऊन. पास-नापास त्यांना ठरवू द्या.

अन् मशीनसमोर पास झालेला डॉक्टर उद्या वॉर्डात ‘तुम्ही लोक’ म्हणाला, तर त्याचे मार्क कोण कापणार? ते आधी सांगा.