धुरकट गुलाबपाणी

मस्कतहून वायनरीच्या सहलीला जाता येत नाही. इथे दारू मिळते ती परवान्यावर किंवा हॉटेलात, आणि तीही बाहेरून आलेली. जर्मनीत पीएचडी करताना एक छान सवय लागली होती. शनिवारी चार केमिकलवाले जमवायचे, ऱ्हाईनकाठच्या तळघरांतून हिंडायचं, प्यायची घोटभर आणि वाद घालायचा तासभर. ती सवय इथे सुटणार असं वाटलं होतं. पण एप्रिलमध्ये जबल अख्दरवर गुलाब फुलतो आणि गावागावातल्या भट्ट्या पेटतात. मग काय, आम्ही सातजण निघालो. सगळे समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या धंद्यातले, म्हणजे ऊर्ध्वपातन हेच आमचं दाणापाणी. (आता हे काम बहुतेक मेम्ब्रेननेच होतं, पण जुनी खोड जात नाही.)

बिरकत अल मौजला पोलीस चौकी आहे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नसेल तर तिथूनच परत पाठवतात. तिथून चढत चढत दोन हजार मीटरवर सैक पठार. कड्याला बिलगलेली अल ऐन, अल अक्र, शुरेजा ही गावं, खाली उतरत गेलेल्या पायऱ्यांची शेती, आणि दगडी पाटांतून खेळवलेलं फलजचं पाणी. कोकणी माणसाला बघूनच घरी आल्यासारखं वाटावं. गुलाब दमास्कसचा, फिकट गुलाबी. पहाटे ऊन चढायच्या आत खुडायचा, नाहीतर वास उडून जातो.

भट्टीला इथे 'दहजान' म्हणतात. मातीची लांब चूल, तिला ओळीने भोकं, भोकांत मडकी. मडक्यात पाकळ्या, मध्ये तांब्याचं रिकामं भांडं, आणि तोंडावर थंड पाण्याने भरलेलं गोल बुडाचं दुसरं भांडं. वाफ वर जाते, त्या बुडाला लागून थिजते आणि थेंब थेंब मधल्या भांड्यात पडते. नळी नाही, कॉइल नाही, काही नाही. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं.

आता सात इंजिनिअर अशा यंत्रापुढे उभे केलेत तर काय होईल? कॅल्क्युलेटर निघाले! मस्कतच्या घुब्रामध्ये १९७६ साली पहिला प्लांट सुरू झाला. त्या जातीच्या प्लांटमध्ये एक किलो वाफेतून आठ-दहा किलो गोडं पाणी काढतात, तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरून. इथे एक किलो वाफेमागे एक किलोसुद्धा हाती लागत नाही. फटीतून वाफ पळते, चूल बाहेरची हवा तापवते, तळच्या पाकळ्या करपतात. आमच्या इजिप्शियन सहकाऱ्याने तिथेच कागदावर सुधारित भट्टी काढली. भट्टीवाले काका कौतुकाने बघत राहिले, आणि मग शांतपणे आम्हाला पुढच्या वळणावर घेऊन गेले. तिथे ती भट्टी तयारच होती! स्टेनलेस स्टील, गॅस, नीट कंडेन्सर. गुलाबपाणी काचेसारखं स्वच्छ.

दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. दहजानचं पाणी तपकिरी, धुराचा वास असलेलं, महिनाभर मुरवून गाळ खाली बसवलेलं. स्टीलचं नितळ, बाटलीत शोभणारं. आमच्यात दोन तट पडले. केरळी मित्र म्हणाला, नितळच खरं, बाकी सगळा दोष. आमच्यातला निझव्याचा ओमानी म्हणाला, त्याची आई नितळ पाणी तोंडाला लावेल, पण कॉफीत आणि हलव्यात घालणार नाही.

माझं मत त्या आईच्या बाजूने आहे, आणि ते भावनेपोटी नाही. नितळ गुलाबपाणी इराणच्या काशानकडून हवं तेवढं येतं आणि स्वस्त पडतं. त्या शर्यतीत ही तीन-चार गावं कधीच जिंकणार नाहीत. धुराचं पाणी मात्र दुसरीकडून येत नाही. आम्ही ज्याला उष्णतेचा अपव्यय म्हणून लाल पेनाने खूण केली, तोच इथे विकला जातो. त्यातच पाऊस कमी होत चाललाय, बऱ्याच पायऱ्या कोरड्या दिसतात आणि तरुण मुलं नोकरीला मस्कतला. अशा वेळी भट्टी 'सुधारून' नेमकं काय वाचणार?

जाता जाता, या डोंगरावर द्राक्षंही होतात. १८३५ च्या सुमारास मुंबईच्या नौदलातला लेफ्टनंट वेल्स्टेड इथे चढला होता. इथले लोक घरची वाईन करतात आणि उघड पितात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. वाईन गेली, गुलाब राहिला.

सगळा दिवस मला मात्र कोकण आठवत होतं. इथे गुलाबाचा तोच आपल्याकडे काजूचा हंगाम. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाणात उकळतात, वाफ लावणीत थंड करतात, आधी उर्राक आणि मग फेणी. यंत्र जवळजवळ दहजानचाच भाऊ. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आणि दोडामार्ग ओलांडून इकडे आलात की तीच भट्टी होते हातभट्टी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली धाड. बोंडं झाडाखाली कुजतात, नाहीतर टेम्पोत बसून गोव्याला जातात.

नाशिकच्या वायनऱ्यांबद्दल मला आकस नाही. तिथली शेनिन ब्लाँ मी आवडीने पितो. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाईनला करसवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क केलं, आज लोक सहकुटुंब फिरायला जातात. पण स्टीलच्या टाकीला जे दिलं ते मातीच्या मडक्याला का नाही? लोक लगेच २०१५ चं मालवणीकांड दाखवतील. शंभराहून अधिक माणसं मेली, विसरण्यासारखं नाहीच ते. पण तिथे औद्योगिक मिथेनॉल मिसळलं होतं, भट्टीची चव नव्हती ती. चोरून होणाऱ्या मालाची तपासणी कोण करणार? परवाना द्या, नमुने तपासा, बाटलीवर गावाचं नाव लिहायला लावा. माझ्यासारख्याला गॅस क्रोमॅटोग्राफ लावून मिथेनॉल मोजायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

काकांनी निघताना दोन बाटल्या बांधून दिल्या, एक तपकिरी, एक नितळ. तपकिरी मस्कतला पोचेपर्यंत निम्मी झाली होती. गाडीत थर्मासभर कॉफी होती ना.