चित्र त्यांचे, गाणे दुसऱ्याचे, मग आपले काय?

आजकाल बऱ्याच घरांतून एक तक्रार ऐकू येते. पोरगा कॉलेजातून येतो, जेवतो न जेवतो आणि मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो. जपानी कार्टूनचे तुकडे कापतो, त्यांना कुठले तरी गाणे लावतो आणि तीन मिनिटांच्या त्या चित्रफितीसाठी तीन आठवडे घालवतो. आई म्हणते, "याच्यातून काय मिळणार?" पोराला उत्तर देता येत नाही. वाचकहो, या वेळी आम्ही त्या पोराच्या बाजूने थोडे बोलणार आहोत. आणि त्या पोरालाही चार गोष्टी सांगणार आहोत.

या प्रकाराला 'अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ' म्हणतात. पोरे थोडक्यात 'एएमव्ही' म्हणतात. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलच्चित्र. त्यातली दृश्ये घ्यायची, मूळचे बोलणे काढून टाकायचे आणि एखाद्या गाण्यावर ती नव्या क्रमाने जुळवायची. चित्र आपण काढलेले नाही, गाणे आपण गायलेले नाही. मग आपले असे काय उरते? आपली निवड उरते. कोणते गाणे, कोणते दृश्य, आणि ते दोन्ही एकत्र का? सगळी कला या 'का'मध्ये आहे.

थोडा इतिहास पाहू. आवडत्या मालिकेची चित्रे गाण्यावर बसवण्याची ही हौस मोबाईलच्या फार आधीची. अमेरिकेत १९७५ साली 'स्टार ट्रेक' मालिकेच्या एका चाहत्या स्त्रीने स्लाईड प्रोजेक्टरवर एकेक स्थिर चित्र दाखवत त्यांना गाण्याची जोड दिली. त्या वाटेने पुढे गेलेल्यांत स्त्रियाच अधिक होत्या. जपानी चित्रांच्या बाबतीत पहिला मान १९८२ सालच्या एका अमेरिकन तरुणाला देतात. त्याच्याजवळ संगणक नव्हता. त्याने दोन व्हीसीआर तारेने जोडले. आपल्याकडे त्या दशकात चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणत आणि रात्रभर सिनेमे बघत, तेच हे यंत्र. एकावर मूळ टेप चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा उतरवून घ्यायचा, लगेच थांबवायचे, पुढचा तुकडा शोधायचा. बोट जरा उशिरा पडले की मेहनत वाया. शिवाय टेपवरून टेप उतरवली की चित्र दरवेळी फिके पडायचे.

त्याने निवडले काय? चित्र घेतले 'स्पेस बॅटलशिप यामातो' या १९७४ च्या जपानी मालिकेचे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली युद्धनौका अंतराळात लढायला निघते, अशी तिची कथा. त्यातली त्याने घेतली ती सर्वांत हिंसक दृश्ये, स्फोट आणि मारामारी. आणि गाणे घेतले बीटल्स या इंग्रज गायकांचे, प्रेमाहून दुसरे काही लागत नाही असे सांगणारे प्रसिद्ध गाणे. पडद्यावर माणसे मरताहेत आणि कानावर प्रेमाची महती येते आहे. बघणारा आधी हसतो, मग विचारात पडतो. चित्रात तो अर्थ नव्हता, गाण्यातही नव्हता. दोघांना शेजारी बसवल्यावर तो तिसराच अर्थ जन्मला. तो मात्र त्या तरुणाचा.

आता कामाचे बोलू. आधी गाणे निवडावे की चित्र? बहुतेक जाणकार आधी गाण्याकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. चित्राचे तुकडे मागेपुढे करता येतात, गाणे मात्र आपल्या क्रमाने आणि आपल्या वेगाने चालते. घर बांधायचे तर आधी पाया, तसे हे. म्हणून गाणे आधी डोळे मिटून दहा वेळा ऐकावे. धृपद कुठे येते, कडवे कुठे सुरू होते, नुसती वाद्ये कुठे वाजतात, आवाज कुठे चढतो आणि कुठे एकदम शांत होतो, हे वहीत सेकंदासह लिहावे. जे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत चालते त्यावर चित्रफीतही एकाच जागी उभी राहते. गाण्याला चढ-उतार हवा. तेच कडवे पुन्हा पुन्हा येत असेल तर गाणे आखडते घ्यावे. दोन मिनिटांचे नेटके काम चार मिनिटांच्या कंटाळवाण्या कामापेक्षा बरे.

मग शब्दांकडे पाहावे. गाण्यात 'मी' कोण आणि 'तू' कोण? हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाण्यातला 'मी' हा कथेतला धाकटा भाऊ धरला, तर पुढच्या कडव्यात तोच 'मी' त्याचा शत्रू होऊन चालणार नाही. बघणाऱ्याचा गोंधळ होतो. कोण कोणाशी बोलतो आहे हे धरून ठेवले, की मालिका न पाहिलेल्या माणसालाही गोष्ट कळते.

आणखी एक खोड पोरांना असते. गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस, डोळे आले की डोळे, आग आली की आग. एखाद्या वेळी ते गोड वाटते. ओळीओळीला तेच केले तर ती चित्रफीत राहत नाही, पहिलीच्या मुलाची अंकलिपी होते. शब्दापेक्षा शब्दामागची भावना पकडावी. विरहाच्या ओळीला रडणारा चेहराच हवा असे नाही. रिकामी खुर्ची किंवा बंद दार जास्त बोलते.

आता चित्राकडे येऊ. इथे थोडा हिशेब आहे. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. मिनिटाला १२० ठोके पडणारे गाणे घेतले तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे १२ फ्रेमला एक. गाणे मिनिटाला ९० ठोक्यांचे असेल तर १६ फ्रेमला एक. तुकडा कुठे संपवायचा, कुठे सुरू करायचा, हे या मापाने कळते. पण दर ठोक्याला तुकडा बदलण्याची गरज नाही. दृश्यातच काही तरी घडत असते. पाऊल पडते, दार आपटते, मान वळते. ती हालचाल ठोक्यावर बसली की न कापताही मेळ साधतो. एका अमेरिकन चाहत्याने १९९९ साली 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही मालिका आणि राम्श्टाइन या जर्मन वाद्यवृंदाचे 'एंगेल' हे गाणे घेऊन केलेले काम आजही वाखाणले जाते, ते अशा काटेकोर मेळामुळेच.

जपानी टीव्ही कार्टूनची घडण माहीत असली तर निवड सोपी होते. ओसामु तेझुका यांनी १९६३ साली 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणले तेव्हा पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी होता. म्हणून एकच चित्र तीन तीन फ्रेम टिकवायचे, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ८ चित्रांत भागवायचे, अशी काटकसर त्यांनी केली. चेहरा स्थिर ठेवायचा आणि ओठ तेवढे हलवायचे. मोठे चित्र काढून कॅमेरा त्यावरून सरकवायचा. ही रीत पुढे बहुतेकांनी उचलली. म्हणूनच या मालिकांत स्थिर चेहरे, संथ सरकणारी आभाळे आणि नुसत्या बोलण्याची दृश्ये भरपूर, तर खरी वेगवान दृश्ये मोजकी असतात. ती मोजकी दृश्ये पहिल्याच कडव्यात उधळू नयेत. गाणे जिथे सर्वांत वर चढते तिथल्यासाठी राखून ठेवावीत. ज्यात पात्र बोलते आहे असे दृश्य शक्यतो घेऊ नये. ओठ हलतात आणि आवाज येत नाही, हे विचित्र दिसते. ज्या दृश्यावर खाली भाषांतराची अक्षरे आहेत, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह आहे किंवा कलाकारांची नावे सरकत आहेत, तेही टाळावे. लक्ष तिकडेच जाते.

हे सगळे जमायला वही लागते. २६ भागांची मालिका, एक भाग २२ मिनिटांचा, म्हणजे साडेनऊ तासांचा ऐवज झाला. त्यातून तीन मिनिटे वेचायची. कोणत्या भागात कितव्या मिनिटाला काय आहे, ते नोंदवत जावे. आमच्या आयाबाया तांदूळ निवडतात तसेच हे काम. सुपात सगळेच सारखे दिसते, निवडणाऱ्याच्या डोळ्याला खडा कळतो.

निवड आणि नक्कल यांतला फरकही समजून घ्यावा. २००० नंतरच्या काही वर्षांत 'ड्रॅगन बॉल झी'ची मारामारी आणि लिंकिन पार्क या अमेरिकन वाद्यवृंदाची गाणी यांची इतक्या जणांनी जोडी लावली की चाहत्यांत तो चेष्टेचा विषय झाला. जोडी वाईट नव्हती. रागाचे गाणे, रागाची मारामारी, जुळतेच. पण हजारांनी तेच केल्यावर त्यात निवड कुठे उरली? यावर आमची एक साधी कसोटी आहे. चित्रफीत पुरी झाली की गाणे काढून त्याच वेगाचे दुसरे गाणे लावून पाहावे. तरीही तितकीच चांगली वाटली, तर समजावे की आपण नुसता ठेका जुळवला, गाणे निवडले नाही.

गाण्याने चित्राचा मुलूख कसा बदलतो, हे आपल्या लोकांनी अनुभवले आहे. मोगलीची जपानी मालिका १९८९ ची. गोष्ट किपलिंग या इंग्रज लेखकाची, जंगल आपल्या मध्य हिंदुस्थानातले, चित्रे जपान्यांची. १९९० नंतर ती दूरदर्शनवर आली तेव्हा गुलजार यांच्या शब्दांचे आणि विशाल भारद्वाज यांच्या संगीताचे हिंदी शीर्षकगीत तिला मिळाले आणि मोगली वस्तीवस्तीतल्या पोरांचा सवंगडी झाला. ते काम रीतसर होते, हौशी नव्हते. पण गाणे बदलल्याने चित्र आपले कसे होते, याचा तो दाखलाच होय.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा १९८८ चा चित्रपट आहे. १९४५ सालच्या बॉम्बहल्ल्यांत आई गेलेली दोन भावंडे, एक किशोरवयीन भाऊ आणि त्याची चिमुकली बहीण, उपासमारीने कशी संपतात त्याची ही कथा. त्या लेकराच्या भुकेच्या दृश्यांवर एखादे नाचाचे गाणे बसवता येईल का? ठेका बसेल, लोक हसतीलही. यामातोवर प्रेमगीत लावणाऱ्यानेही विरोधच साधला होता ना, असे कोणी म्हणेल. फरक आहे. त्याने युद्धाच्या डौलाला चिमटा काढला. इथे भुकेल्या लेकराची चेष्टा होईल. विरोध साधताना हसू कोणाचे होते, बलवानाचे की पडलेल्याचे, हे आधी पाहावे. ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी भूक पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कातरी आपल्या हातात आहे म्हणून काहीही कापावे असे नाही.

शेवटचा मुद्दा हक्काचा. चित्र कंपनीचे असते, गाणे दुसऱ्या कंपनीचे. नोव्हेंबर २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने आपल्या क्रीड, इव्हॅनेसन्स आणि सीदर या वाद्यवृंदांची गाणी असलेल्या चित्रफिती चाहत्यांच्या मोठ्या संग्रहातून काढायला लावल्या. महिनोन्‌महिने केलेले काम एका पत्राने दिसेनासे झाले. आज यूट्यूबसारख्या ठिकाणी यंत्रच गाणे ओळखते आणि आवाज बंद करते किंवा चित्रफीत अडवते. म्हणून पोरांनी मालिकेचे, गाण्याचे आणि गायकाचे नाव न चुकता लिहावे, त्यावर पैसा कमावू नये आणि मूळ प्रत घरी जपून ठेवावी. नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असा गैरसमज मात्र नको. वस्तीतल्या एखाद्या गायकाने स्वतः रचलेले गाणे त्याला विचारून घेतले तर निदान गाण्याचा प्रश्न उरत नाही, आणि त्या गायकाचेही नाव होते. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत आपण ठेवली तरच आपल्या श्रमाची किंमत कोणी ठेवील.

आईबापांना आमचे एवढेच सांगणे. अभ्यासाची वेळ अभ्यासालाच द्यायला लावा, त्यात सूट नको. पण उरलेल्या वेळात पोराने किंवा पोरीने काही जुळवले असेल तर रागावण्याआधी शेजारी बसून ते पाहा आणि एकच प्रश्न विचारा: "बाळा, या चित्राला हेच गाणे का?" खांदे उडवून "असंच" म्हणाले तर पुन्हा वही उघडायला सांगा. पण हा कोण, ती कोण, इथे आवाज का थांबला, हे दृश्य शेवटी का ठेवले, असे सांगू लागले, तर थोडा वेळ काढून ऐका. ज्याला आपल्या निवडीचे कारण देता येते, ते लेकरू उद्या दुसऱ्या कोणी दाखवलेल्या चित्रालाही "हे असेच का दाखवले?" असे विचारील. तीन आठवड्यांत एवढे आले तर ते काही थोडे नव्हे.