क्रोशा की विणकाम?

दुपारी मागचं आवरून झालं की हातात काहीतरी असावं, असं पुष्कळजणींना वाटतं. पण सुरुवात कशाने करावी? क्रोशाने, की दोन सुयांवरच्या विणकामाने? मैत्रिणींनो, दोन्हीचं सामान एकदम आणून दोन्ही अर्धवट टाकण्यापेक्षा आधी थोडा विचार करा.

क्रोशाला एकच आकडीची सुई. एका वेळी बहुधा एकच टाका मोकळा असतो. दूध उतू चाललं, दाराची घंटा वाजली, तर तो टाका जरा लांब ओढून ठेवा नि खुशाल उठा. साखळी, मुका खांब आणि खांब एवढं आलं की तोरण, रुमालाची कड, टेबलक्लॉथ सारं जमतं. रुखवतातही शोभून दिसतं. सुती दोऱ्याचं काम उन्हाळ्यातही नकोसं होत नाही.

विणकामात मात्र ओळीतले सगळेच टाके सुईवर असतात. पोराने सुई ओढली, की टाके भराभर खाली उसवत जातात! म्हणून शक्यतो ओळ पुरी करूनच उठावं. पण स्वेटर, टोपरं, मोजे यांना विणकामच हवं. कापड मऊ होतं, ताणलं जातं, अंगाबरोबर बसतं. शिवाय तेवढ्याच मापाला लोकर क्रोशापेक्षा सहसा कमी लागते. टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट.

विणायला घेतलंत तर नमुन्याचा चौकोन आधी विणाच. समजा, पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके दिलेत. ३० सेंटिमीटरच्या पाठीला ६६ टाके झाले. तुमचा हात घट्ट असेल आणि २४ टाके बसत असतील, तर पाठ साडेसत्तावीसच भरेल. पुढचा भागही तेवढाच. म्हणजे स्वेटर ५ सेंटिमीटरने आखूड घेराचा! अशा वेळी एक नंबर जाड सुई घ्यावी.

थोडक्यात, वेळ तुकड्या-तुकड्याने मिळत असेल नि घर सजवायची हौस असेल, तर क्रोशा. तासभर निवांत मिळत असेल, घरात लहान मूल असेल किंवा जवळच्या कुणाचं बाळंतपण आलं असेल, तर विणकाम. लहानसं टोपरं आधी पुरं करा, मगच स्वेटरला हात घाला.

“बाजारात तयार मिळतं की,” असं घरात कुणी म्हणेलच. म्हणू द्या. सकाळच्या पोळ्या रात्रीपर्यंत संपतात, धुतलेले कपडे पुन्हा मळतात. आपल्या हातचं टोपरं मात्र नातवंडांपर्यंत पेटीत राहतं. रोजचा तेवढा अर्धा तास आपला म्हणून राखून ठेवायला काहीच हरकत नाही!