यात्रेला जनावर न्यायचंय? तयारी महिनाभर आधी



सारंगखेड्याची यात्रा किंवा जवळपासचं पशुप्रदर्शन आलं की फोन सुरू होतात, “भाऊ, उद्या निघायचंय, दाखला मिळेल का?” माझं स्पष्ट मत आहे, जनावर न बघता आदल्या दिवशी घेतलेला दाखला म्हणजे नुसता कागद. लम्पीची लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. सही-शिक्क्याने ती येत नाही.

ऑगस्ट २०२२ आठवा. त्या वर्षीच्या साथीत राज्यात लम्पी पहिल्यांदा सापडला तो आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. पुढच्याच महिन्यात राज्यभर गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं बंद. बैल विकून रब्बीचं बियाणं घेणाऱ्यांनी काय करायचं होतं?

म्हणून गाय-बैलांना लम्पीची आणि लाळ्या-खुरकुताची लस महिनाभर आधीच टोचून घ्या. कानात बारा आकडी बिल्ला हवाच. १ जून २०२४ पासून त्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही. दाखल्यावरचा नंबर बिल्ल्याशी स्वतः ताडून पाहा. घोडा असेल तर ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या, तो रोग माणसालाही होतो.

आणि परत आल्यावर? जनावर थेट दावणीला बांधतो आपण. लम्पीची लक्षणं दिसायला चार आठवडेही लागू शकतात. तेवढे दिवस ते वेगळं ठेवा, पाण्याची बादली वेगळी, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करा. गोठ्यात जागा नाही म्हणता, मान्य. मग शेतातल्या निंबाखाली बांधा. बक्षीस घेऊन आलेला बैलसुद्धा तिथेच.