अर्जच न केलेल्या उमेदवाराचे काय?

सरकारी नोकरभरतीचा वाद न्यायालयात गेला की दोनच पक्ष समोर दिसतात : नेमणूक मिळालेला उमेदवार आणि डावलला गेलेला उमेदवार. तिसरा पक्ष कोणाच्याच ध्यानी येत नाही. सत्तरीतील वा काणकोणातील एखादी पदवीधर मुलगी जाहिरात वाचते, मागितलेल्या अनुभवात आपले एक वर्ष कमी पडते हे पाहते आणि अर्ज न करता वर्तमानपत्र मिटून ठेवते. पुढे तेवढाच अनुभव असलेल्या दुसऱ्या कोणाची नेमणूक झाली, तर सर्वांत मोठा अन्याय तिच्यावर होतो. कारण तिने सरकारचा शब्द खरा मानला.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. आंध्र प्रदेशातील विजयानगरम जिल्ह्यातून आलेल्या, शिक्षकपदाच्या नेमणुकीसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच ही गोष्ट स्पष्ट केली आहे. जाहिरातीतील पात्रता डावलून केलेली नेमणूक हा नेमणारा आणि नेमलेला यांच्यापुरता मामला राहत नाही. तेवढीच किंवा त्याहून सरस पात्रता असूनही जाहिरात वाचून जे मागे राहिले, ते सारेच नाडले जातात आणि ती जनतेची फसवणूक ठरते, असा त्या निकालाचा आशय आहे. राजस्थान उच्च न्यायालयातील अनुवादकांच्या भरतीतून उद्भवलेल्या वादात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्वाळा दिला, की भरती जाहिरातीपासून सुरू होते आणि मूळ नियमांत वा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. खुद्द न्यायालयाच्या कार्यालयालाही जे बंधन चुकत नाही, ते एखाद्या खात्याला वा मंत्र्याला कसे चुकावे?

यावर असे म्हटले जाते की, तांत्रिक त्रुटीपायी चांगला उमेदवार हातचा घालवणे शहाणपणाचे नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अट अनावश्यक असेल तर ती सर्वांसाठी काढावी, जाहिरात पुन्हा द्यावी आणि अर्जाला नवी मुदत द्यावी. एकासाठी उघडलेले दार उरलेल्यांना बंदच असेल, तर त्याला सवलत म्हणता येत नाही. तो शुद्ध वशिला होय.

वशिल्याची किंमत अखेर निरपराधांनाही मोजावी लागते. पश्चिम बंगालमधील २०१६ च्या शालेय भरतीतील पंचवीस हजारांहून अधिक नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी रद्द केल्या. सारी प्रक्रियाच सडल्यावर, ज्यांच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नव्हते त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. गोमंतकाने हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लोकांकडून पैसे उकळल्याची प्रकरणे २०२४ साली येथेही पोलिसांत गेली. नोकरी विकत मिळते असे लोकांना सहज पटावे, हीच राज्यकारभारावरची सर्वांत कठोर टीका आहे.

कर्मचारी निवड आयोगासाठी २०१९ साली कायदा झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण परीक्षा कितीही चोख घेतली, तरी पात्रतेची अट संदिग्ध असेल तर वादाचे मूळ कायमच राहते. म्हणून आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरतो. कोणती पदवी कोणत्या पदवीशी समकक्ष आणि कोणता अनुभव ग्राह्य, हे जाहिरातीपूर्वीच ठरवून तिच्यातच छापावे. कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, असे शब्द योजताना त्या 'इष्ट' शब्दाला नेमके किती वजन, तेही सांगावे. आणि बाद केलेल्या प्रत्येक अर्जामागील कारण, तसेच प्रत्येक परीक्षार्थीचे गुण जाहीर करावेत.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. लागते ती फक्त इच्छा. १९६१ साली गोमंतकीय माणूस परकीय सत्तेची प्रजा राहिला नाही, तो नागरिक झाला. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क त्याला दिला आहे. त्या हक्कासाठी त्याला कोणा पुढाऱ्याच्या पडवीत ताटकळत बसावे लागू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.