खपली गहू हाही गहूच

सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या होत आलेल्या खपली गव्हाला अलीकडे शहरांतून चांगला भाव मिळू लागला आहे. तांबेऱ्याला सहसा दाद न देणारा, खिरीला व पुरणपोळीला उत्तम असा हा गहू टिकून राहतो आहे, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु ‘गव्हाचा त्रास असणाऱ्यांनीही खपली खुशाल खावा’ असे जे काही विक्रेते सांगतात व पिशव्यांवर छापतात, ते साफ चुकीचे आहे.

कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेन या प्रथिनामुळे. ते खपलीत आहे, बन्सीत आहे, शरबतीत आहे. जवातही त्याच जातीचे प्रथिन असते. सीलिअ‍ॅक नावाच्या विकारात या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल खुरटते, पोट फुगलेले राहते, वरचेवर ढाळ होतात. मोठ्या माणसांत कित्येकदा पोटाची तक्रार नसतेच; लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पांडुरोग एवढेच लक्षण दिसते. अशा रोग्याला खपलीची पोळी अपायकारकच.

गव्हाची अ‍ॅलर्जी हा विकार निराळा. त्यात गहू पोटात जाताच, किंवा थोड्या तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. दम लागल्यास रोग्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

येथे ग्रामसेवकांनी व अंगणवाडी सेविकांनी एक गोष्ट कटाक्षाने सांगावी. संशय येताच घरच्या घरी गहू बंद करू नये. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी आहारात गहू चालू असतानाच करावी लागते. आधीच बंद केल्यास रोग असूनही तो तपासणीत सापडत नाही. निदान झाल्यावर मात्र पथ्य जन्मभराचे, आणि तेही पूर्ण. सणावारी एक पोळी चालेल, ही सवलत त्यात नाही.

हे पथ्य महाराष्ट्राच्या खेड्याला जड जाऊ नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ ही सर्व धान्ये निर्धोक आहेत. अडचण येते ती छुप्या गव्हाची. कुरडया व शेवया सर्वांच्या ध्यानात येतात. पण बाजारच्या हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे कोणाच्या गावी नसते. गव्हावर चालणाऱ्या गिरणीत दळलेली ज्वारीही अशा रोग्यास चालत नाही. ज्वारीसाठी वेगळी गिरणी असेल तेथेच दळण द्यावे, नाहीतर घरचे जाते बरे.

‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकावयाच्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. कोणताच गहू या कसोटीला उतरत नाही. खपलीच्या पिशवीवर ‘खपली गहू’ एवढेच लिहावे. चव व टिकाऊपणा यांवर त्याला गिऱ्हाईक मिळतेच. ज्यांना या रोग्यांसाठी धान्य विकावयाचे असेल, त्यांनी ज्वारी-नाचणी पिकवावी, आणि गव्हाच्या मळणीनंतर यंत्र व खळे झाडून, नव्या पोत्यांत ती भरावी.